दादाच्या मोटारीतले बुडबुडे

मोटारीचं इंजिन घरी तपासायला काय काळीज लागतं, ते मला विचारा. साठ सालाच्या सुमाराची गोष्ट. मुरबाडला माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, एक जुनी मोटार होती. तिच्यातलं पाणी रोज कमी व्हायचं, पण खाली थेंब सांडायचा नाही. त्यात वहिनीचे दिवस भरलेले. तिला कल्याणच्या दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून दादाला चैन पडेना.

त्या दिवशी त्याने थंड रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण उघडंच ठेवलं आणि मला म्हणाला, "मी इंजिन चालू करतो, तू पाण्यात बघ. बुडबुडे येतच राहिले तर इंजिनातला गॅस पाण्यात घुसतोय, म्हणजे इंजिन खोलावं लागणार."

इंजिन घरघरलं. मी ओरडलो, "येतात रे दादा!"

"नीट बघ. थांबतात का?"

"नाय थांबत!"

दादा डोक्याला हात लावून पायरीवर बसला. तेवढ्यात दाराला धरून वहिनी म्हणाली, "अवो, ते बुडबुडे राहू द्या. माझ्या कळा सुरू झाल्या."

एसटी केव्हाच गेली होती. दोन हंडे पाणी घेऊन आम्ही तशीच मोटार काढली. इंजिन तापलं की थांबायचं, निवू द्यायचं, पाणी ओतायचं. वहिनी कण्हत होती आणि दादा मैलाचे दगड मोजत होता.

वेळेत पोचलो. तासाभरात मला पुतणी झाली, दोघी सुखरूप. पण त्याआधी दारातच डॉक्टरीणबाईंनी दादाला विचारलं, "कळा किती वेळाने येतात?"

दादा घाम पुसत म्हणाला, "दर चार मैलांनी, बाई."