अकरा पावलं

घरांची खरेदी-विक्री नोंदवायच्या कचेरीत टोकन घेऊन बसलो होतो. मागच्या बाकावर एक नवरा-बायको होते.

“अहो, जुनं घर आज विकायलाच हवं का?”

“अगं, नव्यात राहायला जाऊन आठवडा झाला. आता का पाय मागे घेतेस?”

“आई काल पुन्हा भिंतीवर आपटल्या.”

“कशा आपटल्या? मी टेपने मोजून पलंग ठेवलाय. पलंगापासून बाथरूम अकरा पावलं. जुन्या घरात होतं तेवढंच.”

“पावलं मोजलीत हो. पण तिथे बाथरूम डाव्या हाताला होतं, इथे उजव्या हाताला आहे.”

“…होईल सवय.”

“डोळे जाऊन वीस वर्षं झाली त्यांचे, पण तिथे स्वतःचा चहा स्वतः करायच्या. इथे पलंगावरून उठत नाहीत.”

“मी शिकवीन गं तिला. हात धरून शिकवीन.”

“सकाळी वेणी घालताना मला काय म्हणाल्या, सांगू?”

“काय?”

“‘सूनबाई, मला दिसत नाही, हे या घरात आल्यावर कळलं गं.’”

खिडकीतल्या कारकुनाने पुकारलं,

“सत्तावन्न नंबर! घर विकणारे कोण आहेत? सहीला या.”

“अहो, आपलाच नंबर.”

“ऐकलं मी.”