वाटेवरच्या सव्वीस फरश्या

मी, आळीत शिवणबाई म्हणून ओळखली जाणारी, वय ६१ वर्षे, धंदा कपडे शिवणे, राहणार दुमजली घराचा तळमजला, धाकट्या दिरांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीवरून ठाण्यात बोलावल्याने आज समक्ष हजर राहून सांगते की,

वरील घरात मी यजमानांसह राहते. वरच्या मजल्यावर दीर व जाऊ राहतात. मागची बाग सामाईक आहे. यजमानांना नऊ वर्षांपासून अजिबात दिसत नाही. मागच्या दारापासून बागेतल्या बाकापर्यंत ते रोज सकाळी एकटे, काठी न घेता जात. वाट जुन्या, खडबडीत दगडी फरश्यांची होती. कोणती डुगडुगते, कुठे वळायचे, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते.

पाणी मुरून काही फरश्या खचल्या होत्या. मागील महिन्यात दिरांनी बाग नीट करायला काढली. गवंड्यासमक्ष असे ठरले की, जुन्या फरश्या उचलायच्या, खाली खडी आणि वाळू घालून त्याच जागी परत बसवायच्या, फुटलेल्या चारच बदलायच्या. गवंड्याने एकेकीवर खडूने आकडा घातला. ते मी स्वतः पाहिले.

दि. ९ रोजी मी बहिणीकडे गेले. तिचे ऑपरेशन होते. यजमानांचे जेवणखाण जाऊबाई पाहणार होत्या. दि. १२ रोजी सकाळी आठच्या सुमारास त्यांचा फोन आला की, "दादा बागेत पडलेत."

मी थेट दवाखान्यात गेले. खुब्याचे हाड मोडले होते. यजमान म्हणाले, "अगं, वाट कुठे गेली?"

दि. १३ रोजी दुपारी घरी आले. वाट सरळ केलेली होती. फरश्या नव्या, गुळगुळीत होत्या. बाकासमोरची जागा एक पायरी उंच झाली होती. कडेचे काम अजून चालू होते. विचारल्यावर गवंडी म्हणाला, "बाई, जुन्या फोडून भरावात टाकायला लावल्या साहेबांनी. मी म्हटलं होतं, आधी बाईंना विचारा."

दीर तिथेच होते. ते म्हणाले, "वहिनी, ज्याला दिसतच नाही त्याला जुनी काय नि नवी काय! होईल दादाला सवय."

वाट बदलल्याचे यजमानांना कोणी सांगितले होते काय, असे मी विचारले. त्यावर "जो तो आपापल्या कामात होता," असे म्हणून ते वर निघून गेले.

त्यानंतर मी गवंड्याचा घण उचलला. पायरीपासून सुरुवात केली. सव्वीस फरश्या फोडल्या. गवंड्याचा यात काही संबंध नाही. जाऊबाई गॅलरीतून "हिला वेड लागलंय!" असे ओरडत होत्या. दीर खाली आले, पण जवळ आले नाहीत. मी त्यांच्या अंगावर धावून गेले हे खोटे आहे. "या ना भाऊजी, डोळे मिटून या," एवढेच म्हणाले. मग दम लागला म्हणून थांबले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात "रागाच्या भरात" असे लिहिले होते, ते शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.