सुई उचलायची पाळी

परत? सगळ्याच रेकॉर्डी? — नाही, ठेव ना, ठेव काउंटरवर, पण सूनबाई, दोन गल्ल्या पलीकडे राहतो तुझा सासरा, आमचा मास्तर, आणि तुला धाडतो? पाय मोडलाय का त्याचा? नाही ना. मग? — बघू दे पिशवी. ही उसनी नेलेली, ही पण... अगं, ही तर मी त्याला वाढदिवसाला दिली होती! भेट होती ती, भेट! भेट कुणी परत करतं का? — थांब, बोलू नकोस, तू बिचारी निरोप आणणारी, तुझ्यावर कशाला चिडू. बस त्या स्टुलावर. मला सगळं ठाऊक आहे. मास्तरला आता माझं मेटल संगीत नको. त्याला आता डॉक्टर भेटलाय.

तुला काय माहीत आमचं. दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, एका खुर्चीत मी, एकीत मास्तर, मधे प्लेअर. एक रेकॉर्ड माझी, एक त्याची. माझी म्हणजे गिटारी, ड्रम आणि घसा फाटेस्तोवर ओरडणं. त्याची म्हणजे चौघंजण, व्हायोलिनं न् सेलो घेऊन एकमेकांशी हळू आवाजात भांडतायत. तो म्हणायचा, तुझ्या त्या गायकाला कुणीतरी खडीसाखर द्या रे. मी म्हणायचो, तुझे चौघे जेवून पेंगतायत, उठव आधी. कडाक्याची भांडणं व्हायची! पण नियम एकच — रेकॉर्ड संपली की सुई उचलायची ती समोरच्याने. माझी असली तर त्याने, त्याची असली तर मी. म्हणजे शेवटपर्यंत ऐकावंच लागतं, टंगळमंगळ चालत नाही. आणि मास्तर एकदाही चुकला नाही हां. शेवटचा सूर विरतोय न विरतोय तोवर त्याचं बोट सुईखाली. व्हायोलिन शिकवणाऱ्याचा कान तो, साधा नव्हे.

आणि मग हा डॉक्टर. माझंच गिऱ्हाईक, मीच म्हटलं, या की रविवारी — आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा! त्याचं सगळं प्रयोगशील. फ्रीजची घरघर, दारांची करकर, मधेच अर्धं मिनिट काहीच नाही, आणि याला म्हणे अल्बम म्हणायचं. त्या दिवशी त्याने लावली एक. फ्रीज घरघरला, दार करकरलं, आणि संपली. संपली म्हणजे संपली, सुई आपली शेवटच्या रेघेत फिरतेय — खर्र टक, खर्र टक. उचलायची पाळी मास्तरची. आणि मास्तर? डोळे मिटून मान डोलावतोय! मी मुद्दाम हललो नाही. मी का उचलू? नियम म्हणजे नियम. खर्र टक. ज्याने माझ्या ड्रमला जन्मात मान हलवली नाही, तो त्या खरखरीला डोलतोय — का, तर डॉक्टरला बरं वाटावं! शेवटी डॉक्टरनेच सुई उचलली, मास्तरच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या दुकानात, माझ्यादेखत म्हणाला, "उद्या माझ्याकडे या." मास्तर म्हणतो, "काय?" दोनदा वदवून घेतलं! कानाला गोड लागलं असणार.

गेलाही दुसऱ्या दिवशी. मी काही पाळतीवर नव्हतो — म्हणजे गेलो होतो, पण दुधाला, रस्ता तोच आहे. काचेतून दिसत होतं. मास्तर खुर्चीत, हे एवढाले हेडफोन कानांवर, डॉक्टर समोर बटणं फिरवतोय, आणि मास्तर मधूनमधून बोट वर करतोय. दाद! एकेका सुराला दाद! मला कधी दिली असेल तर शपथ. मग तर किती वेळ बोट वरच येईना, डॉक्टर बटण पिळतोय, पिळतोय, आणि हा आपला समाधी लागल्यासारखा — काय? काय म्हणालीस? — कानाचा?

मला वाटलं दाताचा. पाटी कोण वाचतंय, माझं सगळं लक्ष आत. — दोन्ही कान? — मग माझ्या रेकॉर्डी? त्यासुद्धा? एवढा आवाज असतो त्यात! — नुसती भिंत हादरल्यासारखी वाटते. हं. — मग मला का नाही सांगितलं? लाज? माझी कसली लाज? ... हां. तो मला म्हणायचा ना, बहिरा होशील लेका एक दिवस या ठोकाठोकीने. म्हणून होय? मी हसेन म्हणून? हसलो असतो. हसलो असतोच गं, काही झालं तरी, आणि मग...

पण डॉक्टरला बरं सांगितलं! — नाही सांगितलं, त्याने ओळखलं, तेच ते! मी काय लांब बसलो होतो? त्याच्याइतकाच जवळ होतो की! इतकी वर्षं त्या माणसाच्या कानाशी भांडलो मी, आणि ओळखलं कुणी, तर त्या फ्रीजवाल्याने. पहिल्याच रविवारी.

ऊठ तू. ही पिशवी उचल. नाही, सगळ्या ने, एकही ठेवायची नाही इथे. मी परत घेत नाही म्हणून सांग त्याला. ओरडून सांग — नको, ओरडू नकोस त्याच्यावर. मी लिहून देतो. पेन कुठे गेलं... राहू दे. जा गं तू. जा म्हटलं ना.