पर्समधल्या झांजा

नेवार्क विमानतळावर मराठी कानावर पडलं की अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये दहा वर्षं मुरलेल्या बाईचेही कान टवकारतातच. लंडनच्या चेक-इनच्या रांगेत शरयूचंही तसंच झालं. पुढे गळ्यात क्रूस घातलेल्या एक काकू होत्या आणि त्यांना सोडायला आलेला मुलगा.

"आई, पर्समध्ये झांजा? सिक्युरिटीवाले अडवतील."

"अडवलं तर वाजवून दाखवीन."

"अगं, चर्चची टूर आहे, सगळे अमेरिकन. तिकडे ऑर्गनवर हिम्स म्हणतात."

"ती जालन्यात आम्ही जन्मभर म्हटली. आता त्यांनी आपलं भजन ऐकावं."

"पाचशे वर्षांची जुनी चर्चेस आहेत ती!"

"मग एवढ्याशा झांजांनी पडायची नाहीत."

"टूर लीडरला विचारलंस तरी?"

"सांगितलंय. आपल्या मिशनच्या मिससाहेबांच्या गावात थांबणार आहोत. तिथल्या चर्चमागेच त्यांची कबर आहे."

"आपल्या पणजीला वाचायला शिकवलं त्या?"

"आपल्या नाही, तुझ्या. माझी ती आजी. आणि तिने बाईंना झांज शिकवायला घेतली होती, ते विसरलास? बाईंचा हात काही तालात पडेना. तेवढ्यात विलायतेहून बोलावणं आलं, शिकवणी अर्धवट टाकून गेल्या."

"मग आता काय करणार?"

"पुरी करणार."

"आई, त्या कधीच वारल्या!"

"गाव आहे ना?"

काउंटरवरून हाक आली. काकूंनी पर्स काखेत मारली आणि आतून झण्णकन आवाज आला. रांग पुढे सरकली, शरयूची ट्रॉली मात्र होती तिथेच राहिली.