बारावा गोळा

खुब्याच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर शिवणकामवाल्या मावशी एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक भट्टीवाला आणि त्याचा पॉलिशवाला भाचा हळू आवाजात बोलत होते, पण मावशींचे कान तिखट होते.

"छत्तीस तास ते खुब्याचे बारा गोळे भट्टीत ठेवले मी. सहाशे डिग्रीला. कशासाठी?"

"काळपट दिसत होते, मामा. म्हटलं करपले."

"करपायला दूध आहे का ते? टायटॅनियमचा नुसता गोळा मऊ असतो, सांध्याच्या वाटीत घासला की सोलवटतो. तापवला की ऑक्सिजन पितो आणि वर राखाडी कातडी धरतो. ती कडक असते. सांधा तिच्यावरच टिकतो."

"मग अजून तापवून जाड करायची."

"जास्त तापवली तर पापुद्रे सुटतात. म्हणून तर डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. आणि तू अर्ध्या तासात घासून टाकलीस."

"आरशासारखे झाले होते हो. कारखान्यातल्या तपासणीच्या बाईसुद्धा खूश झाल्या."

"अकरा परत मिळाले. बारावा?"

"इथेच आलाय. आजच्या ऑपरेशनला."

"कोणाच्या?"

"कुणा बाईंच्या. डॉक्टरांना तुम्हीच सांगा ना, मामा."

"भट्टीचं मी सांगतो. घासल्याचं तू सांगायचं."

दार उघडलं. नर्स म्हणाली, "मावशी, चला. ऑपरेशनची तयारी करायचीय."

मावशींनी पाकीट मांडीवर नीट ठेवलं आणि भट्टीवाल्याकडे वळल्या.

"आधी तुम्ही जा आत. मी बसते."