पंखा नंबर तीन

...नाही, पण तुम्हीच सांगा, वस्तू चांगली चालते म्हणून गिऱ्हाईक सोडून जातं असं कधी ऐकलंय? माझं जात होतं! बाळांना झोपवायचं ॲप आहे हो माझं. लावलं की पंख्याचा आवाज येतो, नाहीतर वॉशिंग मशीनचा, नाहीतर नळाचा... असे आठ आवाज, सगळे घरातच मोबाइल धरून रेकॉर्ड केलेले, कारण लेक मांडीवर असताना कुठला स्टुडिओ आणि कुठलं काय! पहिला आठवडा फुकट, मग महिन्याची वर्गणी. आणि व्हायचं काय, तीन महिन्यांत बाळाला झोपेची सवय लागायची आणि आईबाप टाटा करायचे. मी आपली विचारते, 'का सोडलंत?' तर उत्तर, 'बाळ छान झोपायला लागलं, मनापासून आभार.' आभार! नवरा म्हणतो, "मग थोडं बिघडव की. मधेच एखादं कुत्रं भुंकव."

त्यात माझी बिनपगारी रजा महिनाअखेरीस संपणार. घरात ठरलेलं, शंभर वर्गणीदार झाले तर नोकरी सोडायची, नाहीतर अकरा महिन्यांची पिटुकली पाळणाघरात आणि मी पुन्हा ऑफिसच्या खुर्चीत. वर्गणीदार किती? त्रेसष्ट! शहाण्या माणसाने अशा वेळी जाहिरात केली असती, ओळखीच्यांचे पाय धरले असते. मी काय केलं? आकडे उघडून बसले. कोण कुठला आवाज किती वेळ ऐकतं, ते दिसतं ना आम्हाला. आता कुतूहल हो, दुसरं काय!

तर तुम्हाला सांगते, त्यात एक भलतीच गंमत दिसली. जे सोडून गेले त्यांनी सगळे आवाज ऐकलेले, फक्त 'पंखा नंबर तीन' सोडून. आणि जे पंखा नंबर तीन ऐकतात, ते सोडूनच जात नाहीत! एकही नाही! एक कुणीतरी तर आठ महिने रोज दुपारी तोच ऐकतंय. आता पंखा तोच, खोली तीच, मोबाइल तोच. एक आणि दोन नंबरने कुणाचं काय घोडं मारलंय? नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "तिसऱ्याला वारा जास्त येत असेल." मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ऐकून बघ की गं."

आता खरं सांगू का... मी तो कधी पूर्ण ऐकलाच नव्हता. चाळीस मिनिटं पंखा कोण ऐकतं? दोन मिनिटं ऐकलं, ठीक वाटलं, टाकला. म्हटलं, ऐकूया. कुतूहल हो, दुसरं काय! कानात घालून बसले. घर्रर्र... घर्रर्र... एक मिनिट, चार मिनिटं, माझ्याच डोळ्यांवर झापड, आणि सातव्या मिनिटाला लांबून एका बाईचा आवाज, "आई, गॅस बंद केला का हो?"

माझा आवाज! माझाच!

"केला गं." ह्या सासूबाई.

"आणि मागचं दार?"

"लावलंय."

"पाण्याची मोटर?"

"अगं बाई, सगळं बंद आहे. पड आता जरा."

घर्रर्र... मला वाटलं, संपलं. संपलं कुठे? दोन मिनिटांनी परत, एकदम बारीक आवाजात, "आई... ही श्वास घेतेय ना?"

"घेतेय."

"नक्की?"

"तुझ्यापेक्षा नीट घेतेय!"

अहो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! आठ महिने माझा गॅस, माझी मोटर, माझी अक्कल, सगळं लोकांच्या घरोघरी वाजत होतं! मी तिथल्या तिथे ते सगळं कापलं, फक्त पंखा ठेवला, आणि अपडेट सोडला. वर तोऱ्यात लिहिलं, 'आवाज आता अधिक स्वच्छ.'

चार दिवसांत त्रेसष्टाचे एकेचाळीस.

आणि निरोप तरी कसले! एक बाप लिहितो, 'ती बाई कुठे गेली? आमचा मुलगा "मोटर" ऐकल्याशिवाय डोळे मिटत नाही.' एकीने सरळ एकच तारा दिला, 'पूर्वी घरातलं माणूस होतं, आता नुसता पंखा आहे.' एक आजोबा विचारतात, 'त्या सूनबाई बऱ्या आहेत ना?' बऱ्या आहेत हो, फक्त नोकरीवर जायच्या बेतात आहेत!

पण ते रोज दुपारी ऐकणारं कोण? त्याने... तिने... काहीच लिहिलं नव्हतं. फक्त ऐकणं थांबवलेलं. आता गप्प बसावं की नाही? नाही! कुतूहल हो, दुसरं काय! मीच लिहिलं, 'तुमचं बाळ कसं आहे?'

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'मॅडम, मला बाळ नाही. मी रात्रपाळीची नर्स आहे, एकटी राहते. दिवसा झोपायला आले की डोक्यात चालू होतं, अमक्याची सलाईन बघितली का, तमक्याचा ताप उतरला का. तुमच्यात कुणीतरी विचारतं आणि कुणीतरी "केलंय" म्हणतं. मला वाटतं, चला, आजची काळजी कुणीतरी करतंय. मग झोप लागते.'

मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि मग म्हणाल्या, "त्यात निम्मा आवाज माझा आहे, लक्षात ठेव."

मी त्याच दिवशी जुना आवाज परत टाकला. नाव बदललं, 'पंखा आणि काळजी'. आणि खाली लिहिलं, मोठ्या माणसांनाही चालेल. बास! गेलेले परत आले, येताना शेजारी, मेहुणे, बॉस घेऊन आले. पन्नास... ऐंशी... एकोणतीस तारखेला एकशे बारा! मी ऑफिसातल्या मॅडमना फोन केला, म्हटलं, "मी नाही येत." त्या म्हणाल्या, "काय करणार घरी?" आता काय सांगू? म्हटलं, "तेच. काळजी."

आता तुम्ही म्हणाल, सुटली बाई! छे! महिना होत नाही तोच निरोप सुरू. 'गॅस पाठ झाला, दुसरं काही विचारा ना.' 'इस्त्री कधी घेणार?' म्हणून दर गुरुवारी नवीन काळजी टाकायचं कबूल करून बसले. पाण्याची टाकी झाली, इस्त्री झाली, छत्री झाली, पिटुकलीचा न आलेला दात झाला. लोकांना आवडतंय. नर्सबाई पुन्हा रोज झोपतायत. पण परवा गुरुवार, आणि मी मोबाइल धरून बसलेय तर काही येईचना! लेक झोपलेली, दार लावलेलं, वर्गणीदार वाढतायत, नवरा वेळेवर घरी. डोकं खाजवलं, घरभर फिरले, कुठे काही चुकलंय का बघितलं. काही नाही!

सासूबाई दारातून म्हणाल्या, "झाली का गं या आठवड्याची काळजी?"

मी म्हटलं, "आई, सगळं ठीक आहे हो... इतकं ठीक कसं असेल? आपलं काहीतरी बघायचं राहिलंय, नक्की."

"काही राहिलेलं नाही. पड आता जरा."

आणि बघते तर काय... रेकॉर्डिंग चालूच होतं! ऐकून बघितलं. उत्तम आलंय. टाकलं.