बर्तलमीच्या मिशीचं आख्यान

मंडळी, एक सांगा. आपलं तोंड कसं आहे, हे आपल्याला ठाऊक असतं का? हात वर करू नका, पुरावा लागेल.

तर ऐका. फ्रान्स देशी एक चित्रकार होता, ओक्ताव्ह. आपण अक्तूबा म्हणू, आमच्या पेटीवाल्यांची जीभ अडखळते. त्याच्या चित्रात झाड जांभळं, गाय हिरवी! शिवाय दगडावरून चित्रं छापायचा. गुळगुळीत दगडावर मेणाच्या खडूने काढायचं, शाई लावायची, वर कागद दाबायचा. पण खोच अशी, की कागदावर डाव्याचं उजवं होतं. म्हणून दगडावर मुळातच उलटं काढायचं.

त्याचं मन जडलं पाववाल्या बर्तलमीच्या लेकीवर, क्लोतीलवर. बर्तलमी भट्टीत डोकावायला गेला तेव्हा डावी मिशी अर्धी जळाली, ती परत उगवलीच नाही. पण ऐट पुऱ्या मिशीची!

तो म्हणाला, "गल्लीत लावायला माझं चित्र छाप. हुबेहूब आलं तर पोरगी तुझी. नाहीतर खाटकाचं स्थळ आलंच आहे."

अक्तूबा दगड घेऊन समोर बसला. दारात क्लोतील पीठ चाळत उभी — आता उलट-सुलट कुणाला आठवतंय? दिसलं तसंच काढलं. दोनशे कागद भिंतींवर लागले, आणि चित्रातल्या बर्तलमीची उजवी मिशी जळकी!

गल्ली हसली. खाटीक म्हणाला, "बर्तलमी, हा तू नव्हेस. तुझी तर डावी जळकी."

अक्तूबा पुढे झाला. "मामंजी, चूक—" म्हणेपर्यंत क्लोतीलने त्याच्या पायावर पाय दिला.

बर्तलमी चित्रापुढे उभा राहिला. डोळे भरून आले. "चाळीस वर्षं रोज सकाळी दाढी करताना हाच माणूस बघतो मी. हाच! आणि खाटका, तू मला माझी मिशी शिकवतोस?"

कारण काय? बिचाऱ्याने स्वतःला पाहिलं होतं ते आरशात! आरशात डावी मिशी बघणाऱ्याच्या डाव्या हातालाच दिसते, आणि कागदावरही जळकी मिशी तिथेच आलेली. खरं बोलला खाटीक, तो गेला हात हलवत. चुकला तो जावई झाला.

हसता काय? सुनेने केलेली स्तुती पटते, शेजाऱ्याने काढलेली खोड पटत नाही, ते का? आज घरी गेल्यावर पत्नीला विचारा, "अगं, मी कसा आहे?" आणि ती सांगेल तेव्हा, मालक, आरशाकडे धावू नका. चाळीस वर्षं समोरून तिने बघितलंय.